हौसाची वाकडी नदी

सोनवळ नदीला सरळ चालणं ठाऊकच नव्हतं. जरा डावीकडे, जरा उजवीकडे, लाडावलेल्या पोरीसारखी गिरक्या घेत ती जायची. तिच्या सगळ्यात मोठ्या वळणावर, उंच काठावर, हौसाची इवलीशी झोपडी होती. आई देवाघरी गेलेली. घरात फक्त हौसा आणि तिचे बाबा, केरबा भोई. ते गावकऱ्यांना नावेतून पलीकडे नेत. गरिबी होतीच, पण खरी भीती निराळी होती. दर पावसाळ्यात नदी काठाचा एक लचका तोडायची. आता दारापुढे एक खाट मावेल एवढंच अंगण उरलं होतं.

उन्हाळ्यात नदी आटली की हौसा वाळूत खड्डा करून झिरा खणायची. त्यात झुळझुळ गोड पाणी साचायचं. घागर भरली की ती पाखरांसाठी खापरात थोडं पाणी ठेवायची. एका सोनेरी सकाळी त्या खापरात चक्क एक परी दिसली! बोटाएवढी पिटुकली, निळेजांभळे पंख, केसांत वाळूची चमचम.

“अगं बाई! बुडशील की!” हौसानं तिला अलगद उचललं आणि परकरानं पुसलं.

“बुडत नव्हते गं, न्हात होते,” परी खुदकन हसली. “पण तुझी माया मला फार आवडली. नदीकडे दोन गोष्टी माग. पहिली तुझ्यासाठी. दुसरी मात्र स्वतःसाठी नाही. आणि राणी, नदी जे देते, ते कुठून तरी घेऊनच देते.”

हौसानं शेवटचं वाक्य धड ऐकलंच नाही. “नदीला सरळ जायला सांग. आमचं घर खाऊ नगंस म्हणावं!”

परीनं पंख फडफडवले. रुपेरी भुरभुर उडाली आणि सोनवळ झोपडीपासून लांब, सुतासारखी सरळ झाली! बाबांनी हौसाला खांद्यावर घेऊन नाच केला. त्यांना कोण हसेल? मी तरी नाही हसणार.

मग पाऊस आला. डोंगरांवरून, शेतांवरून धावत आलेलं पाणी नदीत शिरलं आणि तसंच सुसाट निघून गेलं. पुढच्या उन्हाळ्यात हौसानं कोपरभर खणलं, खांद्याइतकं खणलं. झिरा कोरडा ठणठणीत! गावची विहीरही आटली. शेजारची गजराआजी रिकामी घागर घेऊन मटकन खाली बसली.

“लेकरा, म्हातारीनं आता पाण्याला कुठं जावं गं?”

हौसा नदीकडे धावली. परी तापल्या वाळूत बसली होती, पंख मलूल झालेले.

“परीताई, पाणी कुठं गेलं?”

“वाकडी होती तेव्हा नदी रेंगाळायची, बाळा. रेंगाळत वाळूत मुरायची, जमिनीच्या पोटात जायची. तेच पाणी उन्हाळ्यात विहिरीत यायचं, झिऱ्यात यायचं. आता तिला मुरायला सवड कुठे आहे?”

“मग तिला परत वाकडी कर!”

“तुझं घर जाईल, हौसा.”

हौसाचे डोळे भरले. जवळच बाबा नावेच्या फटी बुजवत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“जाऊ दे पोरी,” ते हळूच म्हणाले. “घर बांधता येतं.”

“मग कर वाकडी,” हौसा म्हणाली आणि हुंदके देऊन रडली.

नदी वळली. गावात ही गोष्ट पोचायला कितीसा वेळ लागणार? पावसाआधीच सगळा गाव आला, पुढे गजराआजी! माणसांनी झोपडीचं छप्परच खांद्यावर उचललं. “सांभाळून रं! केरबानं आपल्याला इतकी वर्षं पलीकडं नेलं, आता आपली पाळी!” पलीकडच्या टेकाडावर झोपडी पुन्हा उभी राहिली.

पावसाळ्यात जुना काठ धपकन कोसळला. पण पाणी ओसरलं तेव्हा टेकाडाखाली मऊ, काळीभोर गाळाची जमीन पसरली होती. पाटील म्हणाले, “ही हौसाची. लाव कलिंगडं!”

परी तिथेच झुलत होती.

“ही जमीन पण नदी घेऊन जाईल का गं?” हौसानं विचारलं.

“नेईल कधीतरी,” परी प्रेमानं म्हणाली. “आणि आणखी कुणाला तरी देईल.”

तिनं हौसाच्या गालाला पंख टेकवला. सोनेरी, गुलाबी, निळा उजेड पाण्यावर सांडला आणि परी त्यात दिसेनाशी झाली.

हौसानं बी लावायला मातीत बोट खुपसलं. बोट ओलं झालं.