काचेतल्या दाण्याची कहाणी

बायांनो, मुठीत तांदूळ घ्या, मोबाईल पालथे घाला. ऐक सटवाई माये, तुझी कहाणी.

आटपाट नगर होतं, नगरात कासारआळी होती. तिथं कौतिका कासारीण राही, नवरा रंगनाथ. कौतिकाचा हात असा हलका, की जाडजूड मनगटावरही बांगडी सरकन चढे. डझन भरलं की वर एक आशीर्वादाची, अशी त्या आळीची रीत. पण लग्नाला चार वर्षं झाली, कूस उजवली नाही. मग बाया म्हणू लागल्या, "डोहाळजेवणाच्या हिरव्या बांगड्या हिच्या हातून नकोत गं बाई!" जळ्ळी मेली ती जीभ! कौतिका पेटी झाकी आणि मागल्या दारी जाऊन रडे.

मग ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी तिला तपासलं, रंगनाथालाही तपासलं. म्हणाल्या, "दोष हिच्यात नाही, तुमच्यातही नाही. का होत नाही, ते मला ठाऊक नाही." कौतिका संतापली. ठाऊक नाही म्हणजे काय? मग वैद्याचा काढा घेतला. मग भगताचा अंगारा खाल्ला. मग दुसऱ्या डॉक्टरच्या गोळ्या आणल्या. तिन्ही एकदम, धड एकही नाही. तोंडाची चव गेली, पदरात काही पडलं नाही.

एके शुक्रवारी दारी म्हातारी आली. कपाळी मळवट, हात सुपाएवढे. "बाई, बांगड्या भर. घाई आहे, तीन एकदम ढकल."

कौतिका हसली. "आजी, काहीतरीच काय! काच फुटेल, हात रक्ताळेल. एक चढवायची, ती बसली की दुसरी. आणि तुम्ही हात सैल सोडायचा."

"एवढं कळतं तुला? मग स्वतःच्या देहात तीन उपाय एकदम का गं ढकलतेस?"

कौतिकाच्या हातातली बांगडी हातातच राहिली. तिनं पाय धरले. "आजी, मला वसा सांगा."

"जी ठाऊक नाही म्हणाली, तिचं ऐक. जोडीनं जा. एक उपाय धर, तो पुरा कर. उतू नको, मातू नको, अर्ध्यावर टाकून दुसऱ्यामागं धावू नको." कौतिका वर पाहते तो म्हातारी नाही, उंबऱ्यावर नुसतं हळदकुंकू.

मग दोघं डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी तीन वाटा सांगितल्या. "नुसतं थांबा. नाहीतर दिवस पाहून यांचं बीज हिच्या कुशीत सोडू. नाहीतर दोघांचं बीज बाहेर काचेत एकत्र करू. खात्री कशाचीच देत नाही. वय लहान आहे, निवड तुमची." दोघांनी ठरवलं, आधी थांबू. सहा महिने थांबली, फळ नाही. मग बीज सोडलं, एकदा, दोनदा, तीनदा, फळ नाही. सासू म्हणाली, "भगताकडे जा गं." कौतिका म्हणाली, "सासूबाई, वसा घेतलाय."

मग तिसरी वाट धरली. डॉक्टरीणबाईंनी यंत्राच्या भिंगातून दाखवलं. काचेच्या वाटीत दाणा. काल एक होता, आज एकाचे दोन, दुसऱ्या दिवशी दोनाचे चार. अगं माझे आई! कौतिकाला श्वास घ्यायची भीती वाटली. जन्मभर काच हाताळली, काचेत जीव पाहिला नव्हता. रंगनाथानं वहाणा काढल्या आणि तसाच हात जोडून उभा राहिला.

मग तो दाणा कौतिकाच्या कुशीत ठेवला, आणि रुजला. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. रंगनाथानं हिरव्या बांगड्या भरल्या, आशीर्वादाची एक वर राहिली. कौतिकानं पाहिलं, शेजारची सुंद्री अंगणातच उभी. दहा वर्षं झाली, तिला मूल नाही, म्हणून कुणी आत बोलावलं नव्हतं. कौतिका पोट सावरत उठली. सुंद्रीला हाताला धरून आत आणलं, पाटावर बसवलं, तिचा हात चोळून मऊ केला. "हात सैल सोड गं." ती उरलेली बांगडी तिला सरकन चढवली. साऱ्या बायांच्या माना खाली गेल्या.

पुढं कौतिकाला मुलगी झाली. सुंद्रीला झालं का? ते मला ठाऊक नाही. पण त्या दिवसापासून आळीतल्या प्रत्येक ओटीत सुंद्रीच्या हातचे तांदूळ पडले.

कौतिकाला सटवाई पावली, तशी तुम्हाआम्हांला पावो. जिला फळ येईल तिचं भलं होवो, जिला येणार नाही तिलाही पाटावर जागा मिळो. साठां उत्तरांची ही कहाणी पांचा उत्तरीं सुफळ झाली. आता मुठीतले तांदूळ आधी त्या दाराशी बसलेल्या सूनबाईच्या ओटीत घाला.