माठ कुठे ठेवू?

“पण बुवा, पट्टा सरळ झाला की नाही? मग माझं चुकलं कुठे?”

धैर्यशीलने हे आल्यापासून कितव्यांदा तरी विचारलं. भुजंगबुवा शेणकाल्यात कोपरापर्यंत हात घालून बसले होते. मठाचा ओटा ऊन चढायच्या आत सारवून व्हायला हवा होता, त्यामुळे त्यांचं निम्मंच लक्ष धैर्यशीलच्या पट्ट्याकडे होतं.

धैर्यशील कॉलेजात असल्यापासून या मठात यायचा. आला की चपला भिरकावायच्या, थेट आत जायचं, माठावरचं झाकण काढून तांब्याभर पाणी प्यायचं, आणि मग बाहेर येऊन बुवांना नमस्कार. आजही तसंच झालं होतं. फक्त आज नमस्कार गडबडीत उरकला होता.

“कसला पट्टा? पहिल्यापासनं सांग,” बुवा म्हणाले.

पहिल्यापासून म्हणजे असं. त्याने आणि त्याच्या बायकोने, वृंदाने, कऱ्हाडात दोन खोल्यांचा जुना फ्लॅट घेतला. हप्ते सुरू झाल्यावर पेंटर आणि सुतार परवडण्यासारखे नव्हते. मग दोघांनी कंबर कसली. मोबाइलवर व्हिडिओ बघायचे आणि शनिवार-रविवार स्वतःच राबायचं. पुट्टी त्याची, पॉलिश पेपर तिचा. मोडक्या बॉक्सबेडच्या फळ्यांची मांडणी झाली, सासूबाईंच्या जुन्या इरकली साड्यांचे पडदे झाले. वर्तमानपत्राच्या टोप्या घालून दोघं दिवसभर भिंतींशी झटायचे आणि संध्याकाळी पांढऱ्या भुवयांनी वडापाव खायचे. त्या दिवसांत आमच्यात भांडण म्हणून झालं नाही, असं धैर्यशील शपथेवर सांगायला तयार होता.

स्वयंपाकघर मात्र वृंदाने एकटीने केलं. पिवळ्या भिंतीवर कमरेच्या उंचीला तिने निळा पट्टा ओढला. तो खिडकीपाशी जरासा खाली घसरला. मांडणीही तिनेच ठोकली, ती एका अंगाला किंचित कलली.

धैर्यशील कारखान्यात माल तपासायचा. सुताएवढा फरक त्याला लांबून दिसायचा, आणि या गोष्टीचा त्याला भारी अभिमान होता. जेवायला बसलं की तो पट्टा त्याच्या डोळ्यांत खुपायचा.

“मग तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. ती माहेरी गेली. म्हटलं, हीच वेळ आहे, येईल तेव्हा चकित करू. रजा टाकली बुवा! पट्टा घासून काढला, टेप लावून नवा मारला. मांडणी उतरवली, पाणसळीने पातळी बघून पुन्हा बसवली. आता बघाल तर बोट ठेवायला जागा नाही.”

“मग? काय म्हणाली ती?”

“ ‘छान झालंय’ म्हणाली.”

“बस?”

“बस.”

बुवांनी शेणकाला ढवळला. त्यात आणखी मूठभर माती टाकली.

“चांगलंच म्हणाली की रं. मग तुझी तक्रार काय?”

तक्रार तिथूनच सुरू होत होती. त्या दिवसापासून वृंदा घरातली प्रत्येक गोष्ट विचारून करू लागली. इथे खिळा ठोकू का? कॅलेंडर या भिंतीवर चालेल? डबे खालच्या फळीवर ठेवले तर चालतील ना? आवाज चढलेला नाही, कपाळाला आठी नाही, सगळं अगदी गोडीत. उन्हाळ्याचा म्हणून नवा माठ आणला, तेव्हाही तिने विचारलं, “माठ कुठे ठेवू?” तुला हवा तिथे ठेव, असं तो म्हणाला. तिने मान हलवली आणि कामाला लागली. माठ अजून दाराशी पालथाच पडला होता.

“आणि काल तर कहर झाला,” धैर्यशील म्हणाला. “गुरुवारी वास्तुशांत आहे. तेच तर सांगायला आलोय तुम्हाला. काल जेवताना म्हणते, ‘तुझ्या वास्तुशांतीला माझ्या आईला बोलावलं तर चालेल ना?’ ”

‘तुझ्या’ म्हणताना त्याचा आवाज चिरकला.

“भांडली असती तर बरं झालं असतं बुवा. मला भीती वाटते. गुरुवारी ती माझ्या शेजारी पाटावर बसेल, माझ्या हाताला हात लावेल, पूजा होईल... आणि संध्याकाळी बॅग भरून विचारेल, निघू का?”

...

बुवांनी शेणकाल्याची पाटी दोघांच्या मध्ये सरकवली.

“ये. तिकडची बाजू तुझी.”

“मला येत नाही.”

“रंग तरी कुठं येत होता?”

धैर्यशीलने बाह्या दुमडल्या. पहिले दोन हात नुसते बरबटले. मग हळूहळू अंदाज आला. पंजा टेकवायचा, कवेत घेतल्यासारखा आपल्याकडे ओढायचा, की जमिनीवर बोटांची कमान उमटते. एक कमान झाली की तिला लागून दुसरी. त्याच्या कमानी कुठे रुंद होत होत्या, कुठे अरुंद, पण होत होत्या. तुळशीपाशी एक वळण तर असं साधलं की तो स्वतःवरच खूश झाला. फोटो काढून वृंदाला दाखवावा असं त्याच्या मनात आलं, पण हात भरलेले होते.

“पाणी संपलं,” बुवा म्हणाले. “विहिरीवरनं घागर भरून आण.”

तो घागर घेऊन आला तेव्हा ओटा पुरा झाला होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारख्या, एका मापाच्या कमानी. तुळशीपाशीही तशाच.

घागर खाली ठेवायचं त्याला सुचलं नाही.

“बुवा... माझी बाजू?”

“वाकडी होती. नीट केली.” बुवा पायरीवर बसून नखांतली माती काढत होते. “म्हटलं, दमला असशील. येशील तवा आयतं बघशील. कसं झालंय?”

धैर्यशीलने पाहिलं. खोटं कशाला बोला, झालं होतं सुरेखच.

“छान झालंय,” तो म्हणाला.

बुवांनी मान डोलावली. ऊन आता ओट्याच्या कडेला येऊन टेकलं होतं.

धैर्यशीलने घागर ठेवली, हात धुतले. घशाला कोरड पडली होती. ओल्या ओट्याला वळसा घालून तो आतल्या दाराशी गेला. तिथून माठ दिसत होता. तो उंबरठ्याशी थांबला.

“बुवा... पाणी घेऊ का?”

बुवा नुसते त्याच्याकडे बघत राहिले.

...

मग त्याचे शब्द त्यालाच ऐकू आले.

इतक्या वर्षांत या दाराशी त्याने असं कधी विचारलं नव्हतं. त्याला माहेराहून आलेली वृंदा आठवली. स्वयंपाकघराच्या दारात ती किती तरी वेळ उभी होती, आणि हातातली पिशवी तिने खाली ठेवली नव्हती. त्याला वाटलं होतं, बघून थक्क झालीय. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

“मी तिचा पट्टा परत काढतो,” तो घाईने म्हणाला. “होता तसाच. खिडकीपाशी घसरलेला. माझ्याकडे फोटो आहे जुना. त्यावरून माप घेतलं की अगदी तंतोतंत...”

“माप?” बुवा खो खो हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला.

धैर्यशील वरमला. मग त्यालाही कसंनुसं हसू आलं.

“मग काय करू ते तरी सांगा. नाही तर असं करा, गुरुवारी तुम्ही याच. तुम्ही दोन शब्द सांगितलेत तर ती ऐकेल. तुमचा शब्द ती मोडायची नाही.”

बुवा उठले. आत जाऊन त्यांनी माठावरचं झाकण काढलं, तांब्या भरला आणि त्याच्या हातात दिला. तो पिऊन होईपर्यंत ते शेजारी उभे राहिले.

“येताय ना गुरुवारी?” धैर्यशीलने तोंड पुसत विचारलं.

“तिनं न विचारता माठ ठेवला की... मग मला बोलाव.”