टेंबळीची डावी पंगत

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. टेंबजाई देवीच्या टेकडीवर तेव्हा गाडीरस्ता नव्हता, आणि खाली टेंबळी गावात हौसा राहत होती. हौसाची भाकरी तव्यावर पडली की तिचा वास खालच्या आळीपर्यंत जायचा आणि रुसून बसलेला नवरासुद्धा मुकाट घरी परतायचा, असं म्हणतात. जत्रेत देवीला पहिल्या भाकरीचा नैवेद्य तिच्याच घरचा. तो मान तिच्या सासूच्या सासूपासून चालत आलेला होता.

एका सकाळी चुलीपुढेच हौसाच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला, जीभ जड झाली. सून सगुणा गुणाची. सासूला लेकरासारखं भरवायची. पण सगळं दुखणं तिथंच होतं. जिनं अख्ख्या गावाला वाढलं, तिनं आता दुसऱ्याच्या हातून घास घ्यायचा! डावा हात धड होता, पण डाव्या हातानं जेवायचं कसं? तो हात कशासाठी असतो, हे काय सांगायला हवं? एक दिवस घास पुढं आला तसं हौसानं तोंड फिरवलं, ते काही केल्या उघडेना. सगुणानं पाय धरले, देवीला नवस बोलली. गाव म्हणालं, हौसा आता चालली.

त्याच सुमाराला गावात हातवाली आली.

तिचं खरं नाव आता कुणालाच ठाऊक नाही. वरची आळी मालती म्हणते, खालची आळी मनोरमा, आणि त्यावरून अजूनही भांडणं होतात. मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात ती लढाईत जायबंदी झालेल्या शिपायांना पुन्हा सदऱ्याची बटणं लावायला, ताटातलं हातानं खायला शिकवायची. आता शहरात या विद्येची कॉलेजं निघाली आहेत आणि तिला ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात. त्या मुलखात ती विद्या आणणारी ही पहिलीच. बहिणीकडे चार दिवस म्हणून आली आणि राहिली. गावाला कोडं पडलं, की ही वैद्य तरी कसली, जिच्याकडे ना पुडी ना काढा!

सगुणानं तिला घरी नेलं. हातवालीनं हौसाची नाडी पाहिली नाही. तिनं काठवट मागितली, ती सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं घातलं आणि ज्वारीचं पीठ घेऊन हौसाच्या डाव्या हाताशी ठेवली.

‘हौसाक्का, मला भूक लागलीय. भाकरी करा.’

कितीतरी दिवसांनी हौसा बोलली. ‘डाव्या हातानं? पाप लागंल, बाई.’

‘लागू द्या. ते माझ्या पदरात घाला.’

‘तुमास्नी दोन हात हायती. बोलायला काय जातंय!’

हातवालीनं सगुणाला जवळ बोलावलं आणि जुन्या लुगड्याच्या पट्टीनं स्वतःचा उजवा हात पाठीशी बांधून घेतला. ‘तुमची भाकरी देवीपुढं जाईपर्यंत हा सुटायचा नाही,’ ती म्हणाली.

आणि सुटला नाही. ती तशीच पाणी शेंदायची, वेणी घालायची, म्हशीची धारसुद्धा काढायची, असं म्हणतात. हौसा आता वाटीनं पेज तेवढी प्यायची, आणि दोघी काठवटीपुढं समोरासमोर बसत. हौसाचा लुळा हात हातवाली काठवटीच्या कडेवर ठेवायची. ‘बसू दे त्याला धरून, रिकामा नको,’ म्हणायची. सुरुवातीच्या भाकऱ्या फाटायच्या, करपायच्या, सगळ्या दारापुढल्या कुत्र्यांना जायच्या. त्या साली टेंबळीची कुत्री इतकी माजली, की त्यांनी चोरावर भुंकणं सोडलं. हौसा कधी पीठ उधळायची, शिव्या द्यायची. हातवाली म्हणायची, ‘द्या, पण उजवा हात नाचवून द्या. तेवढाच हलेल.’

आणि एका दुपारी भाकरी टम्म फुगली. हौसानं आपल्या हातानं तुकडा मोडला, आपल्या हातानं तोंडात घातला आणि ती ढसाढसा रडली. सगुणाही रडली. हातवालीनं डोळे पुसून विचारलं, ‘भाकरीबरोबर कोरड्यास काय केलंय?’

जत्रा आली. हौसा भाकरीची दुरडी घेऊन पाय ओढत टेकडी चढली. पायरीवर तात्या गुरव आडवा आला. माणूस वाईट नव्हता, पण त्याला देवीचं भय होतं.

‘हौसे, डाव्या हाताची भाकरी देवीला चालायची न्हाई. मान आता सगुणाकडं दे.’

हौसा परत फिरली, आणि तेवढ्यात गाभाऱ्यात काहीतरी कडाडलं, असं म्हणतात. पिढ्यान् पिढ्या चढवलेलं शेंदराचं कवच देवीच्या अंगावरून गळून पडलं. आत काळ्या दगडाची टेंबजाई उभी होती, कुणी जन्मात न पाहिलेली. तिचा उजवा हात कोपरापासून तुटलेला होता, आणि तो घाव झिजून गुळगुळीत झाला होता. डाव्या हातात वाडगं होतं आणि ते तिनं पुढं केलेलं होतं. ही करणी हातवालीचीच, असं कुणी कुणी म्हणतं. पण हात बांधलेल्या परक्या बाईला गाभाऱ्यात शिरू देतं कोण?

तात्या मागं सरला. ‘मूर्ती खंडित हाय. आता पुजायची न्हाई. डोहात सोडाय पायजे.’ कुणीतरी दोर आणायला धावलं.

हौसा देवीकडे बघत होती. तिची जीभ अजून जडच होती, तरी ते शब्द टेकडीखाली ऐकू गेले, असं म्हणतात.

‘तात्या, तिला बुडवणार आसशील, तर आदी मला बुडीव.’

दोर आणणारा जागीच थांबला. तात्यानं देवीकडे पाहिलं, हौसाकडे पाहिलं. मग त्यानं भाकरीसाठी हात पुढं केला, आणि तो डावा होता. देवीच्या वाडग्यात ती भाकरी बरोबर बसली. त्या दिवशी गाव हौसाच्या हातचं जेवलं, आणि सगळं गाव डाव्या हातानं जेवलं.

पंगत उठल्यावर हौसानं हातवालीची गाठ दातांनी सोडली. हात खाली आला तो आखडलेला. बोटं मिटेनात. हातवाली हसली खरी, पण घाबरली होती. हौसानं तिला काठवटीपुढं बसवलं आणि तिच्या तळव्यावर पिठाचा गोळा ठेवला.

‘मळा, बाई. मला भूक लागलीया.’

पुढं हातवाली टेंबळीतच म्हातारी झाली. लांबलांबून माणसं बैलगाडीत निजून यायची आणि चालत जायची, असं म्हणतात. आता ती नाही, हौसाही नाही. चुलीही गेल्या, भाकऱ्या बचत गटाकडून येतात, आणि तसा वास काही पुन्हा सुटला नाही. पण गुरवाच्या घरचे शेंदूर लावताना देवीचा उजवा कोपर अजून कोरा सोडतात. जत्रेला डावी पंगत बसते. पानं उलटी वाढतात, चटणी उजवीकडे, भाजी डावीकडे. घरोघरची लुळी, थरथरती माणसं उचलून आणून मधोमध बसवतात. ‘हातवालीच्या नावानं चांगभलं!’ म्हणून डावे हात पानाकडे जातात. पुण्याचे जावई सदऱ्यावर आमटी सांडतात, पाटलांचा घास नाकाला लागतो, पोरं खिदळतात. सगळ्यांचंच सांडतं. आजारी कोण आणि धड कोण, ते त्या पंगतीत कुणालाच ओळखू येत नाही.