वाघदरीचा गळेपडू दिन

"चूक माझीच, सरकार! डोकं ठिकाणावर असतं, तर हातही ठिकाणावर राहिले असते."

हौसाक्का कासारीण भर दरबारात मान खाली घालून उभी होती. घडलं होतं एवढंच, की ती राजकन्येच्या चुड्याचं माप घ्यायला वाड्यावर आली आणि समोरून सर्जेराव महाराज आले. "आपल्या राजकन्येचं लग्न ठरलं हो!" असं म्हणत हौसाक्का आनंदाच्या भरात थेट त्यांच्या गळ्यातच पडली. महाराजांचं पागोटं जे घरंगळलं, ते दिवाणजींच्या पायाशी जाऊन थांबलं.

आणि महाराज तर खळ घातलेल्या कापडासारखे ताठ!

"गळेपडू कुठली!" ते गरजले. "ज्याला त्याला मिठ्या मारायचा रोगच लागलाय या राज्याला. लोकांना जाग आली पाहिजे! दिवाणजी, आजपासून दरवर्षी एक दिवस गळेपडू दिन. त्या दिवशी जो कुणाच्या गळ्यात पडेल, त्याच्या गळ्यात 'गळेपडू' अशी पाटी घाला. कुणीही असो, गय नाही!"

"हुकूम," दिवाणजी म्हणाले. त्यांचा चेहरा बारशालाही सुतकातला असायचा.

हौसाक्काला गप्प बसवेना. "लहान तोंडी मोठा घास होतोय, सरकार. पण मला सगळं गाव गळेपडूच म्हणतं. नवरासुद्धा म्हणायचा, बिचारा. त्यात शिवी म्हणण्यासारखं काय आहे?"

"असं? मग ऐक! त्या दिवशी चारचौघांत माझ्याच तोंडून वदवून घे, की गळेपडू ही शिवी नाही, मान आहे. मला हात लावायचा नाही, रडायचं नाही, राणीसाहेबांचा वशिला चालणार नाही. नाही जमलं, तर बांगड्यांची पेटी उचलायची आणि वाघदरी सोडायची!"

वाघदरीतलं एकेक मनगट हौसाक्काच्या हातातून गेलेलं. कुणाला बिलवर घट्ट होतात आणि कोण बांगडी चढताना डोळे मिटून घेते, सगळं तिला ठाऊक. परक्या गावात तिच्या हाती हात कोण देणार? आणि अनोळखी माणसाच्या गळ्यात पडायला तिलाही जरा वेळ लागायचा. निदान पाण्याचा तांब्या येईपर्यंत तरी!

"दिवस कोणता, सरकार?"

"तूच सांग. नाहीतर म्हणशील, राजाने फसवलं."

हौसाक्काने बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, "सीमांतपूजनाचा ठेवा. वऱ्हाड येईल, वाजंत्री असेल. गाव सोडायचंच झालं, तर निदान वाजतगाजत सोडीन."

"मंजूर! व्याह्यांनाही दिसू दे आमची शिस्त!"

झालं! तो दिवस उजाडला, तसं अख्खं गाव हात मागे बांधून फिरू लागलं. माहेरी आलेल्या लेकींनी आयांना लांबूनच रामराम घातला. तालमीतले पैलवान तर एकमेकांकडे नुसतं बघत बसले. कुस्ती धरावी, तर गळा लागणार!

दुपार कलताना वऱ्हाड वेशीवर आलं. पुढे मुलाचे वडील, भोरपाणीचे तुळाजीराव. रांजणाएवढं पोट आणि त्याहून मोठं हसू. लेकाचा घोडा मागे ठेवून त्यांनी दोन्ही हात फैलावले. "या व्याही! भेटा!"

व्याहीभेट! तिथे तर मिठीच मारायची असते! सर्जेराव वेशीच्या खांबासारखे उभे राहिले. ताशे थांबले.

"काय हो?" तुळाजीराव म्हणाले. "आमचे हात काय वाळत घातलेत?"

"ते... आज आमच्याकडे..."

"आमच्याकडे भेट झाल्याशिवाय नवरदेव घोड्यावरून उतरत नाही. फिरवा रे घोडा!"

महाराजांनी दिवाणजींकडे पाहिलं. दिवाणजींनी आभाळाकडे पाहिलं. मेण्याच्या पडद्याआडून राजकन्येचा हुंदका आला आणि त्यापाठोपाठ राणीसाहेबांचा आवाज, "अहो, पडा की गळ्यात एकदाचे!"

महाराजांनी डोळे मिटले आणि पडले! तुळाजीरावांनी डावीकडून भेट घेतली, उजवीकडून घेतली, मग आवडली म्हणून पुन्हा डावीकडून. सुटले तेव्हा समोर दिवाणजी उभे. दोन्ही हातांत एकेक पाटी.

"हे काय?" तुळाजीरावांनी विचारलं.

"गळेपडूची पाटी," दिवाणजी म्हणाले. "गळ्यात पडेल त्याला घालायची. महाराजांचा हुकूम आहे. तुम्ही दोघं आहात, म्हणून दोन."

तुळाजीरावांचं हसू मावळलं. "म्हणजे? आम्हाला दारात उभं करून शिवी देताय?"

हौसाक्का गर्दीतून पुढे झाली आणि तिने वाकून मुजरा केला. "सरकार, पाहुणे विचारतायत. एक पाटी तुमची, एक त्यांची. ही शिवी आहे की मान, तुम्हीच सांगा!"

महाराजांनी एका पाटीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. मागे घोडा फुरफुरला.

"मान!" ते ओरडले. "मान आहे, व्याही! आमच्या राज्यात याहून मोठा मान नाही!"

"असं होय! मग घाला की!" तुळाजीरावांनी मान वाकवली. पाटी छातीवर नीट बसवली आणि म्हणाले, "घरी नेऊन हिला दाखवतो. ही भांडताना उगाच मला हेच म्हणते."

ते ऐकलं आणि सर्जेराव महाराजांना जे हसू फुटलं, ते काही केल्या आवरेना. हसता हसता त्यांनी स्वतःच्याच हाताने पाटी गळ्यात घातली, नवरदेवाला घोड्यावरून उतरवलं आणि मनगटातलं सोन्याचं कडं काढून हौसाक्काच्या हाती ठेवलं.

"जिंकलीस, कासारणी! दरवर्षी हा दिवस असाच होणार, आणि मानाची पहिली पाटी तुझी!"

हौसाक्काचे डोळे भरून आले आणि हात आपोआप वर गेले. महाराज घाईघाईने नवरदेवाआड सरकले. राहता राहिले दिवाणजी.

"या की दिवाणजी!" हौसाक्का हात पसरून म्हणाली. "आज तर मानच आहे!"

"नको," दिवाणजी म्हणाले. "मिठी घरूनच मारून आलोय."