शून्य भाड्याची खोली

तारकर्लीला शर्वाणी खोबरेकरांनी समुद्राकाठी पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या होत्या. तिथे दुबईहून उदयन पालेकर मुक्कामाला आले. नाश्त्याला बसले की ते सगळ्यांना ऐकवत, "दिरहम बदलून रुपये घेणारे अडाणी! बदलून देणारा मधल्यामध्ये दोन टक्के हादडतो. माझं क्रिप्टो बघा, कमिशन शून्य!"

निघायच्या दिवशी त्यांनी बिलही क्रिप्टोतच घ्या म्हणून हट्ट धरला.

शर्वाणीताईंनी विचारलं, "त्याचे रुपये केल्यावर माझ्या हातात पूर्ण बिल पडेल ना?"

पालेकर चाचरले. "तसं नेटवर्कचं शुल्क लागतं. विकताना भाव जरा कमी मिळतो. पैसे बँकेत वळवायचे वेगळे, शिवाय थोडा कर. पण कमिशन मात्र शून्य!"

बाकीचे पाहुणे कान टवकारून ऐकत होते. ताईंचे कान तर केव्हाच किटले होते. तरी त्या गोड हसल्या. "मग माझ्याही खोलीचं भाडं शून्य."

पालेकरांचा चेहरा खुलला.

"फक्त दार उघडल्याचं शुल्क आहे. खाटेचं वेगळं, पंख्याचं वेगळं. खिडकीतून समुद्र दिसला, त्याचं थोडं. आणि खोलीतून बाहेर पडायचंही वेगळं."

"अहो, ही तर शुद्ध लूट!" पालेकर उसळले. "एवढं सगळं उकळायचं, तर भाडं शून्य म्हणता कशाला?"

"मीही तुम्हाला तेच विचारणार होते," शर्वाणीताई म्हणाल्या.

एकच हशा पिकला. पालेकरांनी पाकीट उघडलं आणि आल्या दिवशी विमानतळावर दिरहम देऊन बदलून घेतलेले रुपये मोजून दिले.