पोपटांची मांडणी

फार जुनी गोष्ट आहे. नदीकाठच्या एका गावात हैबती नावाचा सुतार राहत होता. राहत होता असं आपलं म्हणायचं. खरं तर त्या घरात लाकडं राहत होती, आणि हैबती आणि त्याची बायको उरलेल्या जागेतून वाट काढत होती. पडवीत फळ्या भिंतीला टेकून उभ्या, माळ्यावर वासे, बाजेखाली चौकटींचे तुकडे आणि न्हाणीच्या दाराशी बाभळीची वेडीवाकडी खोडं. त्यातला एक तुकडाही टाकून द्यायला हैबतीचा जीव होत नसे.

लाकूड कामाला येई, नाही असं नाही. पण हवी ती फळी नेमकी सगळ्यांत मागे असायची. ती काढायला बारा फळ्या हलवायच्या आणि तेरावी पायावर घ्यायची, असा रोजचा कार्यक्रम. वर भिंतीला उभं राहून राहून चांगल्या सागाला बाक येऊ लागला होता. एक दिवस ती सगळी रासच धाडकन कोसळली, आणि कोसळली ती सुतारणीने वाळत घातलेल्या उडदाच्या पापडांवर.

सुतारीण चिडली असती तर बरं झालं असतं. ती हसायलाच लागली. पदराने डोळे पुसत म्हणाली, "अहो, गावातल्या भांड्याकुंड्यांना मांडण्या करून देता, आपल्या लाकडांना एक करा की. दोन उभे खांब, चार आडवे दांडे, झालं."

हैबतीला ते पटलं. दुसऱ्याच दिवशी त्याने काम मांडलं. उभ्यांसाठी त्याने आधी बाभळीची खोडं घेतली. मग त्याच्या मनात आलं, सुताराच्या पडवीत बाभूळ पाहून लोक काय म्हणतील? त्याने खोडं परत न्हाणीपाशी नेऊन टाकली आणि साग घेतला. शेजारचा कोष्टी डोकावून म्हणाला, की काम झकास आहे, पण पाय जरा उघडेबोडके दिसतात. हैबतीने पायांना गोल कंगोरे काढले. पाटील वाटेवरून जाताना थांबले आणि म्हणाले, की वर कमान असती तर शोभून दिसली असती. हैबतीने कमान बसवली. नुसती कमान तरी कशी ठेवायची, म्हणून तिच्यावर वेल कोरली, आणि वेलीवर समोरासमोर बसलेले दोन पोपट. लोकांनी त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि हा गडी आनंदाने चढत गेला.

दोन महिने हे चाललं. एकही खिळा न वापरता, नुसत्या लाकडी खुंट्यांवर अख्खी मांडणी उभी राहिली. बाजारच्या दिवशी हैबतीने आसपासच्या गावांतल्या सुतारांना आमंत्रणही देऊन टाकलं. त्याची मुलगी मंजुळा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळाच्या बारशाला या आणि मांडणी बघा, असं त्याने सांगितलं. खरं तर त्याच्या मनात या दोन गोष्टी उलट्या क्रमाने होत्या.

शेवटचा हात फिरवून हैबती मागे सरकला आणि समाधानाने म्हणाला, "चला, आता लाकडं रचू."

सुतारीण म्हणाली, "कुठली?"

हैबतीने इकडे तिकडे पाहिलं. भिंत मोकळी होती, माळा मोकळा होता. होतं नव्हतं ते सगळं चांगलं लाकूड मांडणीतच गेलं होतं. उरली होती ती बाभळीची खोडं, आणि ती काही तो मांडणीवर ठेवू देईना. पोपटांना ओरखडे गेले असते. खोडं न्हाणीपाशीच राहिली आणि मांडणी रिकामीच मिरवत राहिली.

आठवड्याने मंजुळेला मुलगी झाली. घरात आनंदीआनंद झाला. हैबतीने नातीला हातात घेतलं आणि तो वितळलाच. तिची मूठ त्याच्या अंगठ्याएवढी होती, आणि तीही तिने घट्ट मिटून धरली होती. "हिला असा पाळणा करतो," तो म्हणू लागला आणि त्याची नजर पडवीकडे वळली.

पाळण्यासाठी लाकूड होतंच की. मंजुळेच्या लग्नात त्याने सागाच्या दोन रुंद फळ्या तिच्या पहिल्या बाळासाठी बाजूला ठेवल्या होत्या. मांडवात चार माणसांसमोर तसं बोलला होता. त्या फळ्या आता कमान झाल्या होत्या. कोरताना त्याला त्यांची ओळखही पटली होती, पण नंतर दुसऱ्या आणू म्हणून त्याने पटाशी तशीच चालवली होती. आणि लाकडाच्या गाड्या घाट चढून गावात यायच्या त्या माघात. माघाला अजून तीन महिने होते.

हैबतीचे विचार सुरू झाले. कोष्ट्याचा जुना पाळणा मागून आणावा का? लग्नातलं बोलणं मंजुळा विसरली असेल का? मांडणीसमोर उभा राहून तो एकदा पोपटांकडे पाही, एकदा आतल्या खोलीकडे. पाच गावांचे सुतार येणार होते. मांडणी मोडली तर त्यांना काय दाखवायचं?

बारशाला सहा दिवस उरले तेव्हा मंजुळेनेच विषय काढला. तिला सगळं दिसत होतं. ती म्हणाली, "बाबा, पाळण्याचं एवढं मनावर घेऊ नका. आईच्या लुगड्याची झोळी बांधू. मी नाही का झोळीत वाढले?"

ती हे अगदी सहज बोलली, आणि म्हणूनच ते हैबतीला लागलं. मंजुळा तान्ही होती त्या वर्षी त्याने गावात सात पाळणे केले होते. आठवा घरचा. तो उद्या करू, परवा करू म्हणता म्हणता पोर रांगायला लागली. तेव्हाची ती चुटपुट त्याच्या मनातून कधी गेलीच नव्हती. मांडवातलं वचन त्यातूनच आलं होतं.

तो उठला, पडवीत गेला आणि त्याने हातोडी उचलली. एकेक खुंटी ठोकून बाहेर काढली. खिळे नव्हते म्हणून बरं. एवढी मोठी मांडणी कुठेही न तडकता सांध्यासांध्यातून सुटत गेली. कमान खाली उतरवताना हात क्षणभर अडखळला, नाही असं नाही. पण ती जमिनीवर आडवी ठेवली तेव्हा त्याला दिसलं, की पाळण्याच्या दोन बाजूंना एकेक पोपट किती बरोबर बसेल. मग मात्र तो शीळ वाजवायला लागला.

पाळणा चार दिवसांत झाला. पण सुटलेल्या बाकीच्या सागाची पुन्हा पडवीत रास झाली, आणि बारसं तर येऊन ठेपलेलं. हैबतीने बायकोकडे पाहिलं. ती आधीच न्हाणीपाशी जाऊन बाभळीच्या खोडाचं एक टोक धरून उभी होती. "दुसरं टोक धरा," एवढंच ती म्हणाली.

एका सकाळीत काम झालं. दोन उभे, चार आडवे. खालचा थर जमिनीपासून हातभर वर, म्हणजे ओल लागायला नको. फळ्या आडव्या निजवलेल्या, म्हणजे बाक यायला नको. कोरीवकाम शोधूनही सापडलं नसतं.

बारशाला पाच गावांचे सुतार आले. पाळण्याला फुलांच्या माळा बांधल्या होत्या, घुगऱ्यांचा वास घरभर सुटला होता. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं, रेवा, आणि रेवाने त्यावर एक मोठी जांभई दिली. सगळे हसले. मग सुभाना मिस्त्री, त्या सुतारांतले सगळ्यांत वडीलधारे, म्हणाले, "हैबती, मांडणी दाखवणार होतास ना?"

हैबतीने न लाजता पाळण्याकडे बोट दाखवलं. "ती ही. नातीने मागून घेतली." मग त्याने पडवीच्या भिंतीकडे बोट केलं. "आणि लाकडं आता तिथे असतात."

सुभाना मिस्त्री उठून तिथे गेले. खालून दुसऱ्या थरातली एक फळी त्यांनी सहज एका हाताने ओढून काढली. बाकीची एकही हलली नाही. फळी त्यांनी डोळ्यासमोर धरून पाहिली, सरळ होती. जागच्या जागी सरकवली. पाळण्यावरच्या पोपटांचं त्यांनी मघाशी तोंडभरून कौतुक केलं होतं, इथे मात्र त्यांनी खिशातून सुतळी काढली आणि मांडणीचं माप घ्यायला लागले. ते पाहून बाकीच्या चारही जणांनी आपापल्या सुतळ्या काढल्या.

सुतारीण आतून नवे पापड भाजून घेऊन आली. या खेपेला एकही मोडलेला नव्हता.

तात्पर्य इतकंच, की जे जपायचं त्याच्यासाठी जागा करावी. पण ती जागा सजवता सजवता जपायचं तेच खर्चून टाकू नये.