दीड तासाचं भाषण, एका मिनिटाची फिल्म

आबासाहेब खोबऱ्यांची अट ऐकली आणि बाबूभाई नदाफ तिथंच मटकन खाली बसले. त्यांची मुलगी यास्मिन मात्र हसत होती. अशा वेळी हसणारी मुलगी बापाला परवडत नाही.

नदाफांचं घर पिढ्यानपिढ्या कापूस पिंजणारं. यास्मिननं त्याच कापसाची, गुंडाळून पिशवीत घालता येईल अशी बैठकीची गादी काढली, 'निवांत' नावाची कंपनी नोंदवली आणि गल्लीतल्या बायकांना शिवणाला बसवलं. माल झकास, पण गावाबाहेर नाव कुणाला ठाऊक नाही. आबासाहेब गुळाचे बडे अडते. ते भांडवल घालायला तयार झाले, पण आधी जाहिरातीची फिल्म करून दाखव म्हणाले. फिल्म एका मिनिटाची हवी. खर्च दमडीचा नको. नटनट्या नकोत. गादीची स्तुती पाहिजे, पण कुणाला पढवून घेतलेली नको. आणि वाढदिवसाच्या जेवणानंतर आबा जे भाषण करतात, ते त्यात अख्खं आलं पाहिजे. एक शब्दही कापायचा नाही!

ही शेवटची अट आबांच्या कानात दिवाणजींनी घातली होती. मालकाचा पैसा पेढीबाहेर निघाला की त्यांच्याच पोटात कळ यायची. आबांचं भाषण दीड तासाचं असतं हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. ते आजोबांच्या शेळीपासून सुरू होतं आणि शेळी आटायलाच अर्धा तास लागतो. आभार मानेपर्यंत उठायचं नाही, उठलं तर यजमानाचा अपमान, असा आमच्याकडचा रिवाज. त्यामुळे सगळे बसून राहतात, बिचारे.

फिल्म जमली नाही तर भांडवलाअभावी बायकांची शिवणाची शेड बंद होणार होती आणि बाबूभाईंना उतारवयात पुन्हा सायकलला पिंजण बांधून दारोदार हिंडावं लागणार होतं. यास्मिनला ते बघवलं नसतं. तिनं आबांकडे एवढंच मागितलं की यंदा पाहुण्यांची बैठक 'निवांत'वर घालू द्या. सतरंज्यांचं भाडं वाचतंय म्हटल्यावर आबांनी लगेच मान डोलावली.

वाढदिवसाला श्रीखंड-पुरी होती, वर मसालेभात आणि मठ्ठा. यास्मिननं आपला फोन आबांच्या पाठीमागे, लोकांकडे तोंड करून, सगळ्यांना दिसेल असा उभा केला आणि फिल्म घेतेय हे मोठ्यानं सांगूनही टाकलं. झालं, जो तो केसांवरून हात फिरवून ताठ बसला. पहिल्या रांगेत दिवाणजी तर छाती काढून बसले. आबांनी माइक हातात घेतला, सवयीप्रमाणे डोळे मिटले आणि शेळी आली.

दुसऱ्या दिवशी पेढीवर यास्मिननं फिल्म लावली. तिनं अख्खं भाषण भरधाव पळवलं होतं. आबांची पाठ दिसत होती, हात पंख्यासारखा फिरत होता आणि आवाजाचा नुसता चिवचिवाट. समोर मात्र गंमत चालली होती. आधी दिवाणजी कलंडले. मग सरपंच. मग माणसामागून माणूस आडवा होत गेला आणि भाषण संपलं तेव्हा अख्खी पंचक्रोशी पाय पसरून घोरत होती. बाबूभाईंनी डोळे मिटून घेतले.

आबांच्या कपाळाची शीर फुगली. "पोरी, माझी अब्रू काढायला निघालीस व्हय?"

"आबा, एक शब्द कापलेला नाही," यास्मिन म्हणाली. "आता निवाडा तुम्हीच करा. एवढी माणसं झोपली, म्हणजे एकतर भाषण कंटाळवाणं होतं, नाहीतर गादी जबर होती. यातलं खरं काय?"

आबा सावकाश दिवाणजींकडे वळले. "काय हो, सगळ्यांत आधी तुम्हीच लवंडलात. बोला, भाषण कसं होतं?"

दिवाणजींना घाम फुटला. "भाषण अमृतासारखं होतं, मालक! पण त्या गादीपुढं माझा इलाज चालंना. आईच्या मांडीवर पण अशी झोप लागली नव्हती. देवाशप्पथ!"

फिल्म संपताच यास्मिननं फोन त्यांच्याकडे वळवून धरला होता आणि तो हे सगळं टिपत होता. "आबा, भाषण पन्नास सेकंदांत बसलं. स्तुतीसाठी दहा सेकंद रिकामे ठेवले होते, ते आत्ता भरले. कुणी पढवलं नाही, तुम्हीच साक्षीला आहात. दिवाणजींची हरकत नसेल तर लावते."

दिवाणजींनी मालकाकडे पाहिलं आणि होकाराची मान डोलावली. आणि मग आबा असे हसले की त्यांचा फेटा सुटला. डोळे पुसत त्यांनी भांडवलाचा चेक फाडून यास्मिनच्या हातात दिला, बाबूभाईंना हाताला धरून स्वतःशेजारी बसवलं आणि दिवाणजींना हुकूम सोडला, "पुढच्या वर्षी माझ्या भाषणाला लाकडी बाकं मांडा."